गुलाबी गोगलगाय आणि तापलेला समुद्र

कॅलिफोर्नियाच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीनंतर उरलेल्या डबक्यांत कधी कधी गडद गुलाबी फूल उमललेले दिसते. प्रत्यक्षात ती असते ‘हॉपकिन्स रोझ’ नावाची कवच नसलेली सागरी गोगलगाय. तिची लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर; पण अंगावरील लांब, निमुळत्या उंचवट्यांमुळे ती पाकळ्यांच्या झुपक्यासारखी भासते. प्राणिशास्त्रज्ञ फ्रँक मॅकफार्लंड यांनी १९०५ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सागरी प्रयोगशाळेचे आश्रयदाते टिमोथी हॉपकिन्स यांचे नाव तिला दिले.

तिचा रंग मात्र उसना आहे. ब्रायोझोआ या सूक्ष्म प्राण्यांच्या गुलाबी वसाहती खडकांवर पातळ थरासारख्या पसरतात. त्यांवरच ती जगते आणि त्यांतील रंगद्रव्य तिच्या शरीरात उतरते. तिच्या अंड्यांची वळणदार फीतही गुलाबीच असते. प्रत्येक गोगलगाय एकाच वेळी नर आणि मादी असते, तरीही प्रजननासाठी जोडीदार लागतोच. आयुष्य सुमारे वर्षभराचे.

अंड्यांतून निघालेल्या अळ्या प्रवाहाबरोबर वाहतात. एरवी वायव्येचे वारे किनाऱ्यालगतचे पाणी खोल समुद्राकडे लोटतात आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषक पाणी वर येते. अळ्याही त्या ओघात दूर जातात. वारे मंदावले, पाणी तापले की त्या किनाऱ्याजवळ टिकतात आणि उत्तरेकडे सरकतात.

जानेवारी २०१५ मध्ये नेमके हेच दिसले. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस क्वचित आढळणारी ही गोगलगाय थेट हम्बोल्ट काउंटीपर्यंत पोहोचली. काही ठिकाणी तर एका चौरस मीटरमध्ये डझनावारी. यापूर्वी अशी गर्दी १९८३ आणि १९९८ च्या तीव्र एल निनोच्या काळात झाली होती. या वेळी तीव्र एल निनो नव्हता, तरीही ईशान्य पॅसिफिक असाधारण तापला होता.

गोगलगायीला लाभलेली ही ऊब इतरांना भोवली. त्याच हिवाळ्यात कॅसिन्स ऑकलेट जातीचे हजारो समुद्रपक्षी अन्नाअभावी मरून किनाऱ्यावर आले. अल्पायुषी आणि एकाच अन्नावर जगणारी ही गोगलगाय समुद्रातील बदल लवकर दाखवते. म्हणूनच शास्त्रज्ञ तिची गणना करतात. डबक्यातले हे गुलाब मोहक खरे; पण त्यांचा बहर ही समुद्राच्या आरोग्याची ग्वाही नव्हे.