तीसचा आकडा

आमच्या शेजारच्या काकांना मधुमेह जुना. साखर ते नेमानं तपासायचे, रक्तातलं क्रिएटिनिनही ‘नॉर्मल’ यायचं. पायांवर सूज आली तेव्हा किडनीच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘लघवीतलं अल्ब्युमिन कधी बघितलंय?’ कधीच नाही. तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी तालुक्याच्या गावातल्या एका लॅबमध्ये जाऊन बसले.

डब्यांवर नावं चिकटवणं, सेंट्रिफ्यूज, पट्टी बुडवणं ही कामं भराभर उरकतात. प्रथिनं असली की पट्टीचा पिवळा चौकोन हिरवट होतो. पण लॅबमधल्या ताई तिथं थांबत नाहीत. एका नमुन्याची वरची नितळ लघवी त्यांनी नळीत घेतली, त्यात सल्फोसॅलिसिलिक ॲसिड घातलं आणि नळी छापील कागदासमोर धरली. पलीकडची अक्षरं दिसत होती, पण धूसर; म्हणजे प्रथिनं होती.

‘पट्टीला मुख्यतः अल्ब्युमिनच कळतं,’ ताई म्हणाल्या. ‘पट्टी कोरी आणि नळी गढूळ, असं झालं की मी डॉक्टरांना फोन करते.’ मायलोमा या कर्करोगात लघवीतून जाणारी बेन्स जोन्स प्रथिनं पट्टीला सहसा सापडत नाहीत; ती ओळखायला इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. कोणतं प्रथिन उतरतंय यावरून दुखणं कुठं आहे तेही कळतं. मूत्रपिंडाची गाळणी सैल झाली की अल्ब्युमिन येतं. नलिका बिघडल्या की बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनसारखी लहान प्रथिनं.

मधुमेहींच्या बाबतीत मात्र ताई एकच आकडा सांगतात: तीस. लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅमच्या आत हवं. पाणी जास्त प्यायल्यानं लघवी पातळ झाली तरी या गुणोत्तरामुळे फसगत होत नाही. ताप, जंतुसंसर्ग किंवा जोराच्या व्यायामानंही आकडा चढतो, म्हणून तपासणी पुन्हा करायची, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीची.

रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढेपर्यंत मूत्रपिंडाची निम्मी ताकद गेलेली असू शकते. तीस ओलांडल्याचं लघवी त्याच्या कितीतरी आधी सांगते, आणि तेव्हा रक्तदाब, साखर आटोक्यात ठेवून आणि योग्य गोळ्यांनी ऱ्हास मंद करता येतो. काकांच्या फाइलमध्ये या तपासणीचा कागद कुणी लावलाच नाही, याचा मला राग येतो. घरात मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा ही तपासणी डॉक्टरांकडे मागून घ्या.