चार स्टार म्हणजे नेमकं काय? ॲपचं रेटिंग वाचताना आणि देताना

(गंगापूर रोड, नाशिक इथून बचत गटांसाठी प्रसारित झालेलं रेडिओ भाषण)



गटातल्या एखादीला नवा कुकर घ्यायचा असेल, तर ती आधी शेजारणीला विचारते. शेजारणीने तो कुकर वापरलेला असतो. तिचा स्वभाव आपल्याला माहीत असतो, त्यामुळे तिच्या बोलण्याला किती वजन द्यायचं तेही कळतं. मोबाइलवर ॲप घेताना अशी शेजारीण नसते. म्हणून आपण स्टार बघतो. ४.३ दिसलं की चांगलं, २.१ दिसलं की वाईट, असं ठरवून मोकळ्या होतो. पण हे स्टार कुणी दिले, कधी दिले आणि का दिले, हे आपण बघत नाही. आज त्याबद्दलच बोलू.

आधी थोडं गणित. समजा, १०० बायकांनी एका ॲपला रेटिंग दिलं. सगळ्यांनी ४ स्टार दिले, तर सरासरी ४. आता दुसरं ॲप घ्या. ७५ जणींनी ५ स्टार दिले आणि २५ जणींनी १. याचीही सरासरी ४ च येते. पहिलं ॲप सगळ्यांना बरं वाटलं. दुसऱ्यात मात्र चारातली एक बाई पस्तावली. ही एक बाई कशामुळे पस्तावली, ते कळायलाच हवं. प्ले स्टोअरवर सरासरीच्या शेजारी ५ पासून १ पर्यंत आडव्या पट्ट्या दिसतात. १ स्टारची पट्टी लांब असेल, तर तिथे थांबा आणि त्या बायका काय म्हणतात ते वाचा.

किती जणांनी मत दिलं, हेही बघायचं. तीनच जणांनी ५, ५ आणि १ असे स्टार दिले, तर सरासरी ३.७ च्या आसपास येते. एकाच माणसाच्या रागाने आकडा खाली आला. हजार मतांमध्ये तोच एक राग दिसणारही नाही.

आता रेटिंग न्याय्य असतं का, ते पाहू. कधी कधी स्टार ॲपला मिळत नाहीत, रागाला मिळतात. मे २०२० मध्ये यूट्यूब आणि टिकटॉकच्या चाहत्यांचा वाद पेटला. लोकांनी टिकटॉकला १ स्टार द्यायचा सपाटा लावला आणि चारच्या वर असलेलं रेटिंग दीडच्याही खाली घसरलं. मग गुगलने लाखो अभिप्राय काढून टाकले आणि आकडा पुन्हा वर गेला. ॲप त्या काही दिवसांत बदललं नव्हतं. त्याआधी, एप्रिल २०१७ मध्ये, स्नॅपचॅटवर लोक चिडले होते. तेव्हा नावातल्या सारखेपणामुळे स्नॅपडील या खरेदीच्या ॲपलाही अनेकांनी १ स्टार दिला. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

आपल्या राज्यातलं उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज नारीशक्ती दूत ॲपवर भरले जात होते. एकाच वेळी गर्दी झाली, सर्व्हर अडकला, ओटीपी येईना. अशा वेळी चिडून १ स्टार देणं साहजिक आहे. पण ॲपची रचना अवघड आहे, सर्व्हरवर गर्दी आहे की आपल्या गावात रेंज नाही, या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. स्टार त्या तिन्हींना एकच आकडा देतो. शिवाय जे काम त्याच ॲपवरून करावं लागतं, तिथे दुसरं ॲप निवडण्याची सोय नसते. तिथे स्टारपेक्षा लेखी तक्रार जास्त उपयोगी.

आणखी एक गोष्ट. अनेक घरांत फोन एकच असतो, तोही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर. मग बाईला आलेली अडचण अभिप्रायात येतच नाही. ज्यांचा आवाज तिथे पोचत नाही, त्यांचा अनुभव सरासरीत धरलेलाच नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, म्हणजे पैसे. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचे चांगले स्टार बघून भुलू नका. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यात भारतात कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप आढळली आणि त्यातली सुमारे ६०० बेकायदा होती. स्टार विकत घेता येतात. कर्ज देणारी बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनी कोणती, व्याज आणि सगळे आकार मिळून किती, हे कर्जाआधी लेखी मिळालं पाहिजे. कर्जाचं ॲप तुमच्या फोनमधले नंबर आणि फोटो मागत असेल, तर ते ठेवूच नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत ते बसत नाही. हेच नंबर वापरून नातेवाइकांना फोन करून बदनामी केली जाते.

दुसरा सापळा खुद्द रेटिंगचाच आहे. 'घरबसल्या हॉटेलला ५ स्टार द्या, प्रत्येकी ५० रुपये कमवा' असा मेसेज येतो. सुरुवातीला थोडे पैसे खरंच खात्यात येतात. मग मोठ्या कामासाठी आधी पैसे भरायला सांगतात आणि भरलेले पैसे परत येत नाहीत. असं झालं तर लाजू नका. ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

मग रेटिंग कसं वाचायचं? अभिप्राय 'नवीन आधी' असे लावा, कारण दोन वर्षांपूर्वीचं कौतुक जुन्या ॲपचं असतं. २ आणि ३ स्टारवाले अभिप्राय आधी वाचा. ते देणारी माणसं बहुधा चांगलं-वाईट दोन्ही सांगतात. 'व्हेरी नाइस', 'बेस्ट ॲप' असे एकसारखे शेरे ओळीने दिसले, तर ते सोडून द्या. ॲप बनवणाऱ्याचं नाव बघा. सरकारी योजनेच्या नावाने खासगी ॲपही असतात.

आणि स्वतः देताना? मराठीत लिहा. कोणत्या तारखेला, कोणतं काम करताना, काय अडलं ते लिहा. 'फालतू ॲप' वाचून कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही. 'आधार नंबर टाकल्यावर ओटीपी येत नाही, तीन दिवस झाले' हे वाचून करता येतं. अडचण सुटली तर परत जाऊन स्टार वाढवा. तोही न्यायच आहे.

हा न्याय आपल्यालाही लागू आहे. आपले पापड, चटण्या, मसाले आता ऑनलाइन विकले जातात. पार्सल उशिरा पोचलं म्हणून कुणी चटणीला १ स्टार दिला, तर आपल्याला किती लागेल! मग गटातल्या दहाजणींनी मिळून आपल्याच मालाला ५ स्टार द्यावेत का? नको. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, ते असल्या खोट्या अभिप्रायांना आळा बसावा म्हणूनच. ते सक्तीचं नाही, पण गिऱ्हाइकाचा विश्वास एकदा गेला की परत येत नाही. त्यापेक्षा वाईट शेऱ्याला नम्रपणे उत्तर द्या आणि चूक असेल तर माल बदलून द्या. पुढचं गिऱ्हाईक ते उत्तरही वाचतं.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या सगळ्या जणी वापरतात असं एक ॲप निवडा, त्याच्या पट्ट्या आणि शेवटचे दहा अभिप्राय मोठ्याने वाचा. मग तुमचा स्वतःचा अनुभव त्याच्याशी जुळतो का, ते एकमेकींना सांगा. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असं आपण म्हणतो. फक्त ऐकताना बोलणारा कोण आहे, तेवढं विचारत जा.