रेडिएटर गार आहे

कुंभार्ली घाट निम्मा चढून झालाय आणि टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या बराच वर गेलाय. मे महिना, सकाळचे साडेअकरा. मागे आत्या, डिकीत तिच्या हापूसच्या पेट्या. चिपळूणहून कऱ्हाडला निघालोय. मी एसी बंद करतो, काचा खाली घेतो आणि हीटर पूर्ण सोडतो.

"डोकं फिरलंय का तुझं?" आत्या विचारते.

इंजिनाची थोडी उष्णता हीटरमधून बाहेर काढता येते, हे तिला समजावत बसायला वेळ नाही. काटा केसभर उतरतो, पुढच्या चढाला परत वर जातो आणि लाल रेघेला टेकतो. वळणावर एक टपरी आहे, शेजारी गाडीपुरती सपाट जागा. तिथे घेतो. इंजिन बंद.

बॉनेटखालून गुडगुड ऐकू येतेय, चुलीवर भात विसरल्यासारखी. पाण्याच्या पांढऱ्या टाकीच्या झाकणाखालून वाफ निघतेय. मागून आलेल्या ट्रकचा क्लीनर उडी मारून उतरतो, टपरीवरची बादली उचलतो. "मारा पाणी इंजिनावर, दोन मिनिटांत गार!"

"ए, ठेव ती," टपरीवाला आतूनच ओरडतो. "हेड तडकेल. इथे असं झालेलं बघितलंय मी." फोन करून शिरगावातून मेस्त्री तोच बोलावतो.

ह्याच डोंगराच्या पोटातून कोयनेचं पाणी बोगद्यांनी पोफळीला उतरतं, जनित्रं फिरवतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. आणि मी पाच लिटरचा रिकामा कॅन घेऊन टपरीवाल्याच्या पिंपाकडे आशेनं बघतोय.

मेस्त्री येतो तो मोटरसायकलवरून, हँडलला पान्यांची पिशवी. मी त्याला निदान तयारच देतो: फॅन फिरत नाही. गेल्या महिन्यात ह्याच तक्रारीवर शहरातल्या एका गॅरेजने फॅनचा रिले बदलून दिला होता. बिल अजून डॅशबोर्डमध्ये आहे.

तो मान डोलावतो, इंजिनावरून लांबूनच हात फिरवतो आणि बाकड्यावर जाऊन बसतो. "चहा सांगा."

"अहो पण गाडी..."

"आत्ता झाकण उघडलं तर तोंड भाजेल. बसा."

रेडिएटरचं झाकण आतलं पाणी दाबाखाली ठेवतं, म्हणून ते शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब सुटतो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. हे मला माहीत आहे. तरी अर्धा तास बाकड्यावर बसणं जिवावर येतं.

मग तो झाकणावर फडकं टाकतो, पाव वळसा देऊन थांबतो. फुस्स आवाज विरेपर्यंत हलत नाही. आत दीड लिटर पाणी जातं. त्याआधी ऑइलची पट्टी ओढून उन्हात धरतो. काळं, स्वच्छ. "हे चहासारखं दिसलं असतं तर हेड गॅसकेट गेलं, म्हणजे मोठं काम. सुटलात."

गाडी चालू. तो मला एसी लावायला सांगतो आणि फॅन भर्रकन फिरायला लागतो. माझं निदान आणि गॅरेजचं बिल, दोन्ही एकदमच निकालात. एसी बंद, फॅन बंद. काटा हळूहळू पाऊणपर्यंत येतो. मेस्त्री रेडिएटरवर तळहात ठेवतो, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि तसाच ठेवून उभा राहतो.

"या. हात लावा."

रेडिएटर जेमतेम कोमट आहे. शेजारी इंजिन पोळतंय. वरच्या होजपाइपला मी दोन बोटं लावतो, तोही कोमटच.

"इंजिन तापलंय आणि पाणी पलीकडे जातच नाही. फॅनचा स्विच रेडिएटरला खाली आहे बघा. त्याला गरम लागलंच नाही तर तो फॅन कशाला फिरवेल?" पंप? तो इंजिन बंद करून पट्टा दाबतो, पुली हलवून बघतो. ठीक. "थर्मोस्टॅटने जीव सोडलाय."

इंजिन पुन्हा निवेपर्यंत दुसरा चहा. मग दहाच्या पान्याने दोन बोल्ट, आणि बुडाला पितळेचं बोंडूक असलेली एक चकती त्याच्या हातात. कडेवर ८२ कोरलंय. बोंडकात मेण असतं. पाणी ८२ अंशांच्या आसपास गेलं की ते वितळून फुगतं, झडप ढकलतं आणि पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी होते. विजेची तार नाही, काही नाही. मला ही युक्ती फार आवडते.

"माझ्या चहाच्या टोपात नको हा," टपरीवाला आधीच बजावतो. मग तेलाचा एक जुना डबा स्टोव्हवर चढतो. पाणी खळखळल्यावर मेस्त्री चकती सांडशीत धरून बुडवतो. एक मिनिट. दोन. झडप मिटलेलीच. पिशवीतून तो दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची जुनी चकती काढतो आणि बुडवतो. ती माशाने तोंड उघडावं तशी उघडते. बाहेर काढल्यावर हळूहळू मिटते. आत्या गाडीतून उतरून हे बघायला आलीये. "परत कर," ती म्हणते. तो परत करतो.

ह्या मापाची नवी त्याच्याकडे नाही. तो झडपेविना झाकण बसवतो. पॅकिंग फाटलंय, म्हणून आत्याच्या परवानगीने आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा कात्रीने त्या आकारात कापून, सिलिकॉन फासून लावतो. मग रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी चालू. बुडबुडे येतात, पाणी खाली जातं, तो भरत राहतो, बुडबुडे थांबेपर्यंत.

मेलेली झडप कागदात गुंडाळून तो माझ्या हातात देतो. "कऱ्हाडात हे माप दाखवून नवी घ्या, कूलंटही भरा. काढून टाकलीये, चालतंय, म्हणून ठेवू नका. इंजिन गारच राहील आणि पेट्रोल पिईल." कित्येक गॅरेजांत 'आपल्याकडे एवढा उन्हाळा, हवीय कशाला' म्हणून ती फेकूनच देतात. हा तसल्यांतला नाही.

मजुरी साडेतीनशे. चहाचे पैसे तो मला देऊ देत नाही.

माथा ओलांडून हेळवाकच्या बाजूला उतरताना काटा निम्म्याच्या बराच खाली आहे. आत्या मागून पुढे वाकते.

"अरे, हे कोमट वारं कुठून येतंय?"

हीटर साडेअकरापासून चालूच आहे.