जुन्या मोटारसायकलीची जोपासना

जुनी वस्तू दोन प्रकारांनी नष्ट होते. तिच्याकडे कोणी लक्ष दिले नाही, तर ती झिजून जाते. आणि तिला नवी करण्याची हौस अनावर झाली, तर तिचे जुनेपण पुसले जाते. वाड्यांना आणि मूर्तींना जी गोष्ट लागू पडते, तीच यंत्रांनाही लागू पडते. माझ्या वडिलांच्या मोटारसायकलीने मला हे शिकविले.

ही मोटारसायकल 'जावा' जातीची आहे. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियातील फ्रांतिशेक यानेचेक ह्या शस्त्रनिर्मात्याने 'वांडरर' ह्या जर्मन कंपनीच्या मोटारसायकली बनविण्याचे हक्क घेतले. दोन्ही नावांच्या आरंभीच्या अक्षरांपासून हे नाव तयार झाले. चेक लोक त्याचा उच्चार 'यावा' असा करतात. आपल्याकडे 'जावा' हा उच्चार रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धात तो प्रदेश जर्मनांच्या ताब्यात होता आणि कारखान्याला त्यांच्यासाठी राबावे लागले. तरीही तेथील अभियंत्यांनी त्यांच्या नजरेआड एका नव्या मोटारसायकलीचा आराखडा सिद्ध केला. युद्धानंतर, १९४६ साली, ती पॅरिसच्या प्रदर्शनात जगापुढे आली. तिच्याच वंशातील गाड्या १९६१ पासून म्हैसूर येथे तयार होऊ लागल्या. पुढे १९७३ पासून त्या 'येझदी' ह्या नावाने विकल्या गेल्या. १९९६ साली हा कारखाना बंद पडला.

ह्या गाडीची रचना मोठी मौजेची आहे. इंजिनाला सिलिंडर एकच. परंतु धूर बाहेर टाकणाऱ्या नळ्या दोन, दोन बाजूंना. गिअर बदलण्याचा दांडा आत दाबून वर फिरविला, म्हणजे तोच दांडा किक मारण्याच्या कामी येतो. साखळी पूर्णपणे झाकलेली असल्यामुळे तिला रस्त्याची धूळ लागत नाही.

इंजिन मात्र सतत काळजी मागते. ते टू-स्ट्रोक पद्धतीचे आहे. पिस्टनला आणि सिलिंडरला लागणारे वंगण त्यात वेगळे साठविलेले नसते. ते पेट्रोलातच मिसळावे लागते. साधारणपणे २० ते २५ लिटर पेट्रोलास १ लिटर तेल, असे हे प्रमाण असे. तेल कमी पडले, तर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये जाम होतो. तेल जास्त झाले, तर निळसर धूर येतो आणि नळ्यांत काजळी साचते. म्हणून त्या नळ्या अधूनमधून उतरवून खरवडाव्या लागतात. घाट उतरतानाही सावध राहावे लागते. चढावर भरपूर पेट्रोल जाते आणि त्याबरोबर तेलही जाते. परंतु उतारावर मूठ बंद ठेवून गाडी गिअरमध्ये धावत राहिली, तर इंजिन वेगाने फिरते आणि त्याला वंगण मात्र मिळत नाही. अशा वेळी मधून मधून मूठ थोडी उघडणे, हेच शहाणपणाचे असते.

गाडी वापरल्याने झिजते, तशी ती उभी राहिल्यानेही बिघडते. कार्बोरेटरमधील पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर बारीक छिद्रे बुजवितो. टाकीत दमट हवेचे पाणी साचून आतून गंज चढतो. न फिरणाऱ्या चाकांचे टायर कालांतराने तडकतात. म्हणून पंधरवड्यातून एकदा तरी गाडी सुरू करून थोडे अंतर फिरवून आणावी, हे उत्तम.

केंद्र शासनाने २०२१ साली अशा वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षांहून अधिक जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी दुचाकींना व चारचाकींना त्यांत 'विंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. अशी नोंदणी झालेले वाहन रोजच्या येण्याजाण्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, जुन्या वाहनांची फेरी, दुरुस्ती किंवा इंधन भरणे, एवढ्यासाठीच ते रस्त्यावर आणता येते. 'मूळ स्वरूपात' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत.

माझे वडील पशुवैद्य होते. आडवाटेच्या गावांत एखादी गाय अडली, की ते रात्रीअपरात्री ह्याच गाडीवरून निघत. एका पावसाळ्यात ओढ्याच्या उतारावर गाडी घसरली आणि टाकीला डाव्या बाजूस पोचा आला. ते तसेच पुढे गेले. वासरू वाचले, पोचा मात्र राहिला. त्यांच्यामागे मी गाडी दुरुस्तीस दिली, तेव्हा वृद्ध कारागिराने विचारले, "हा पोचा काढून टाकू का? टाकी अगदी नव्यासारखी होईल." मी होकार देणार होतो. इतक्यात माझे बोट त्या खळग्यात गेले, आणि मी म्हणालो, "नको. तेवढा राहू द्या."

त्याने इंजिन नीट केले, तारा बदलल्या, ब्रेक नवे बसविले. ज्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, ते निर्दोषच असले पाहिजे. परंतु ज्यात माणसाची आठवण साठलेली असते, ते जसेच्या तसे राखावे. ह्या दोहोंतील भेद ओळखता येणे, हीच जुन्या वस्तूची खरी जोपासना होय.