वनरक्षकाचा अहवाल : कसा व कशासाठी?

आपल्या समाजातील अनेक मुले-मुली वनरक्षक भरतीची तयारी करीत असतात. धावण्याची व लेखी परीक्षेची चौकशी सर्वजण करतात. परंतु जंगलात काही घडल्यास कोणाला व कसे कळवायचे, हे सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम वनखात्यातील पायऱ्या पाहू. नियतक्षेत्र, म्हणजेच बीट, वनरक्षकाकडे असते. अशी काही नियतक्षेत्रे मिळून होणारे परिमंडळ वनपालाकडे, तर परिक्षेत्र वनक्षेत्रपालाकडे असते. त्यांच्यावर सहायक वनसंरक्षक व उपवनसंरक्षक. खबर याच पायऱ्यांनी वर जाते.

समजा, गस्तीत तोडलेले सागवान आढळले. जागेवरच पंचांसमक्ष पंचनामा करावा, माल मोजून त्यावर जप्तीची खूण करावी आणि प्राथमिक गुन्हा अहवाल लिहावा. त्यात तारीख, वेळ, कक्ष क्रमांक, माल व साक्षीदार यांची नोंद हवी. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ५२ प्रमाणे माल सरकारी असून गुन्हेगार अज्ञात असेल, तर वरिष्ठाला शक्य तितक्या लवकर अहवाल देणे पुरेसे ठरते. आरोपी सापडून अटक झाली, तर मात्र प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यापुढे न्यावेच लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिलेले हे संरक्षण मोळी नेणाऱ्या गरिबालाही आहे.

तातडीची खबर फोनवर द्यावी. पण तेवढ्यावर थांबू नये. कोणाला, किती वाजता कळविले, हे लिहून ठेवावे व लेखी अहवाल पाठवून त्याची पोच घ्यावी. पुढे चौकशी लागली, की "तेव्हा तू कोठे होतास?" हा प्रश्न सर्वांत खालच्या कर्मचाऱ्यालाच विचारला जातो. तोंडी सांगितलेले कोणाला आठवत नाही. कागद मात्र बोलतो. बँकेच्या खिडकीवर बसून मी हेच शिकलो.

अहवालात पाहिलेले ते 'पाहिले', ऐकलेले ते 'ऐकले' असेच लिहावे. अंदाजाने कोणाचेही नाव गोवू नये. पंचशीलातील चौथे शील, असत्य न बोलणे, आपण रोज म्हणतो. लेखणी हाती असताना ते पाळले, तर निरपराध माणूस वाचतो आणि आपली नोकरीही.