मुलुंडची मिठागरं, दिल्लीचा शब्द

मुलुंड पूर्वेला महामार्गापलीकडे मिठागरं पसरलेली आहेत. जमीन मुंबईतली, पण मिठागरांचा मोठा भाग केंद्र सरकारच्या मालकीचा. त्यामुळे तिथे काय उभं राहणार, हा प्रश्न नगरसेवकाच्या कार्यालयात सुटत नाही, तो खासदाराच्या दारी जातो.

२०२४च्या लोकसभेला तसंच झालं. धारावी पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्यांना मुलुंडमध्ये घरं देण्याला स्थानिकांचा कडाडून विरोध होता. ईशान्य मुंबईच्या प्रचारात हा मुद्दा गाजला. निकालात मुलुंडचे आमदार मिहिर कोटेचा हरले, संजय दिना पाटील जिंकले. पण खासदार बदलला म्हणून निर्णय बदलला नाही! सप्टेंबरअखेर राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडमधली सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन केंद्राकडून घरांसाठी घ्यायला मंजुरी दिली.

प्रवासाचंही तेच. लोकल चालवणारी रेल्वे केंद्राच्या रेल्वे मंत्रालयाखाली, म्हणजे बोरिवलीकराचा रोजचा धक्का थेट दिल्लीशी जोडलेला.

लोकसभेच्या निकालानंतर सव्वा महिन्याने आणि विधानसभेच्या चार महिने आधी, १३ जुलैला, पंतप्रधान मोदींनी गोरेगावात ठाणे–बोरिवली आणि गोरेगाव–मुलुंड मार्गांवरच्या जुळ्या बोगद्यांच्या कामाचा प्रारंभ केला. दोन्ही संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणार. राष्ट्रीय उद्यान आलं, की केंद्राची परवानगी आलीच.

आणि मताची किंमत? अंधेरी ज्यात येते, त्या वायव्य मुंबईत रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले.