टक्केवारी आणि माणूस

चार्ल्स डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ ही कादंबरी १८५४ साली त्याच्याच ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. कोकटाउन या कल्पित गिरणगावातील ग्रॅडग्राइंड यांचा एकच मंत्र : मुलांना निव्वळ वस्तुस्थिती शिकवावी, कल्पनेला थारा देऊ नये. त्यांच्या शाळेत सर्कशीत वाढलेली सिसी येते. घोड्यांच्या सहवासात वाढूनही तिला घोड्याची व्याख्या सांगता येत नाही. बिट्झर मात्र दातांच्या संख्येसकट ती घडाघडा म्हणतो. लाखभर प्रवाशांपैकी पाचशे दगावले तर शेकडा प्रमाण किती, या प्रश्नावर सिसी म्हणते की मृतांच्या आप्तांना त्या प्रमाणाचे काय! ग्रॅडग्राइंड तर लेकीच्या विवाहातील तीस वर्षांचे अंतरही आकडेवारीने बुजवू पाहतात. पुढे ते लग्न मोडते आणि लुइझा पित्याच्याच पायाशी कोसळते.

म्हणून डिकन्स वस्तुस्थितीचा वैरी ठरतो काय? मुळीच नाही. त्याच वर्षी जानेवारीत तो प्रेस्टनच्या गिरणी कामगारांचा संप प्रत्यक्ष पाहून आला होता. आपल्या हरिभाऊ आपट्यांनीही १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिताना हेच साधले. विधवांची संख्या खानेसुमारी सांगू शकते. विधवेच्या केशवपनाचे दुःख यमूच्या तोंडूनच ऐकावे लागते.

आता आपल्या पांढुर्णा-सौसरकडे वळू. २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथील जाम नदीवर पांढुर्णा व सावरगाव यांच्यात गोटमार होते. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत असता दगडांचा वर्षाव झाला, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या घरोघर सांगितली जाते. कथा हृदयस्पर्शी खरी. पण तिच्याच आडोशाने आजवर अनेकांची डोकी फुटली, काहींचे प्राणही गेले. कोकटाउनात आकड्यांनी भावनेचा गळा घोटला; येथे भावनेने आकडे झाकून टाकले.

तेव्हा, वाचकहो, दोन्ही बाजू लेकरांच्या कानी पडू द्याव्यात. आजीने ती कथा मराठीतच, रंगवून सांगावी. परंतु त्या दिवशी कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हेही सांगावे. जखमींची मोजदाद अवश्य व्हावी, मात्र प्रत्येक आकड्यामागे कोणाचे तरी लेकरू आहे, हे विसरू नये. नदीकाठच्या त्या प्रेमकथेचा खरा मान राखायचा, तर आणखी एका आईचा मुलगा दगडाने जाऊ नये, एवढे तरी आपण पाहावयास हवे.